विहिरीकडं पाठ करून

बार मोजायचं काम वडाराच्या टोळीत बाईमाणसाकडं असायचं. त्यात मानाचं काही नव्हतं. सुरुंगाच्या वातींना बत्ती लावणारा गडी दोराला लोंबकळत विहिरीतून वर यायचा, काठावरून धूम पळायचा आणि बांधाआड पडून धापा टाकायचा. धापा टाकणाऱ्याला मोजता येत नाही. दोर ओढणाऱ्यांचे हात सोलवटलेले असायचे, मुकादम मालकाच्या तोंडाला तोंड देण्यात गुंतलेला. राहता राहायची बाई. जितके सुरुंग भरले तितके खडे तिच्या मुठीत द्यायचे. एक बार उडाला की तिनं एक खडा खाली टाकायचा. सगळे टाकून झाले की मूठ उघडून चार जणांना दाखवायची, आणि मगच गडी खाली उतरायचे. मुठीत खडा शिल्लक राहिला तर खाली कुठल्यातरी भोकात न उडालेला मुका बार दबून बसलाय असं समजायचं. मुक्या बारावर पहार पडली म्हणजे माणूस संपला. अशा मरणाची चौकशी तहसिलीत कोणी करत नसे. वडार मेला तर पंचनाम्यात दगड कुठून कुठं उडाला हे लिहीत, आणि माणसाचं नाव विचारायचं राहून जाई.

इरम्मानं हे काम पहिल्यांदा हाती घेतलं तेव्हा तिला दोन्ही डोळे धड होते आणि नवरा जिवंत होता. सांगायची गोष्ट घडली ती सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात, मुरुमच्या शिवारात. तोवर डोळ्यांत मोत्या पिकला होता. उजेड-अंधार कळायचा, जवळचं माणूस ताकातून बघावं तसं दिसायचं. नवऱ्याच्या जागी मुलगा हणमंता बत्ती लावायला उतरायचा. सव्वीस वर्षांचा गडी, बापासारखाच रुंद खांद्याचा आणि बापासारखाच उतावळा. टोळीचा मुकादम दुर्गप्पा हा इरम्माचा धाकटा दीर. एवढंच तिचं गणगोत. बाकी एक रेड्यांची गाडी, पहारी, घण, दोर आणि जिथं काम तिथं मारलेलं पाल.

विहीर खणायची होती अण्णारावांच्या रानात. हे अण्णाराव लिंगायतांतले मोठे शेतकरी, मुरुमात आडत दुकान. त्यांचं चुलतभावाशी, मल्लिकार्जुनाशी, हाडवैर. आज्याच्या रानाची वाटणी झाली, पण एकुलती एक जुनी विहीर कुणाची हे काही ठरेना. शेवटी दोघांनीही आपापली नवी विहीर पाडायची जिद्द धरली. आता पाणी कुठं लागेल हे सांगायला मुलुखात पाणाड्या एकच. त्यानं अण्णारावांकडून नारळ घेतला आणि जागा दाखवली. चार दिवसांनी मल्लिकार्जुनाकडून नारळ घेतला आणि त्याच झऱ्याच्या रेषेवर, तीन पट्ट्या पुढं, दुसरी जागा दाखवली. म्हणजे अण्णारावांच्या बाभळीखाली बसलं की समोर शंभर पावलांवर त्यांची विहीर, तिच्या काठी उपसलेल्या दगडमातीचा मोठा ढीग, आणि त्या ढिगाच्या पाठीमागं, नजरेआड, मल्लिकार्जुनाची विहीर. तिथं दुसरी वडाराची टोळी. दोन्हीकडं एकाच वक्ताला सुरुंग उडायचे, कारण दोन्ही मालकांना एकमेकांच्या आधी पाणी पाहिजे होतं.

इरम्मानं पहिल्याच दिवशी दुर्गप्पाला म्हटलं होतं, "भावजी, ही जागा वंगाळ हाय. दोनी हिरी एका रेघंत हायत."

"मग काय झालं? आपल्याला आपली खणायची."

"लोहाऱ्याला बी अशाच व्हत्या."

लोहाऱ्याचं नाव निघालं की दुर्गप्पाला काहीतरी काम आठवायचं. तेव्हाही तो उठून रेड्यांना पाणी दाखवायला गेला.

लोहाऱ्याच्या शिवारात अठरा वर्षांपूर्वी इरम्माच्या मुठीत चार खडे होते. नवरा, तिम्मण्णा, चार वाती पेटवून वर आला. इरम्मा कडुनिंबाखाली उभी राहून डोळे ताणून विहिरीकडं बघत होती. नवीन होती, चुकायचं नव्हतं तिला. एक उडाला, धूळ उसळली, खडा टाकला. दुसरा. तिसरा. मग जरा वेळ गेला आणि चौथा वाजला. समोरच्या विहिरीतून धूर निघतच होता. तिनं चौथा खडा टाकला आणि रिकामी मूठ वर करून नवऱ्याला दाखवली. तिम्मण्णा उतरला. पहार घेऊन दोन पावलं टाकली असतील नसतील, तेवढ्यात चौथा बार उडाला. खरा चौथा.

पुढचं सांगण्यासारखं नाही. टोळीतल्या बायका म्हणाल्या, हिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. म्हाताऱ्यांनी ठरवलं, घाबरून एक खडा जास्त सुटला असेल. इरम्मानं भांडण केलं नाही, कारण तिला स्वतःलाच तसं वाटत होतं. चार वाजले असं ती शपथेवर सांगू शकली असती, पण चौथा आधीच वाजला असेल, तर मग तिम्मण्णाजवळ उडाला तो कुठला? हणमंता तेव्हा मुरुमला आजीजवळ होता. त्याला सांगितलं, दरड कोसळली. दुर्गप्पानंच तसं सांगायला लावलं. "पोराला आई पायजे," एवढंच तो बोलला, आणि इरम्मानं ते उपकार म्हणून घेतले. त्या उपकाराखाली ती दहा-अकरा वर्षं वाकून राहिली. बार मोजायला कुणी तिला बसवलं नाही. तिनंही मागितलं नाही.

मग भूमच्या बाजूला सडकेचं काम निघालं. गिट्टी फोडायची. वडाराच्या बायका, दुष्काळानं घराबाहेर काढलेल्या इतर बायका, सगळ्या रांगेनं बसवलेल्या. इरम्माच्या समोर चार हातांवर कस्तुराबाई नावाची एक बोलघेवडी बाई बसायची. तिला हातोडी हलवल्याशिवाय बोलता यायचं नाही. सासूची तक्रार करताना ती हातोडी अशी काही वर-खाली करायची, जणू सासूच पुढ्यात आहे. दगड कमी फुटायचा, सासू जास्त. तिच्या पाठीमागं, बऱ्याच लांब, दुसरी रांग दगड फोडत होती.

इरम्माच्या डोळ्यांत तेव्हा मोत्या नुकता धरायला लागला होता. उन्हाची तिरीप सोसायची नाही. एक दिवस ती समोर बघत होती आणि कस्तुराबाईच्या हातोडीचा ठण्ण ठण्ण आवाज ऐकत होती. डोळे चुरचुरले म्हणून मिटले. मिटले आणि ठण्ण आवाज उठून लांब गेला. पार मागच्या रांगेत जाऊन बसला. तिनं डोळे उघडले. आवाज परत कस्तुराबाईच्या हातात. आणि बघते तर कस्तुराबाईची हातोडी हवेतच हलत होती, दगडाला लागतच नव्हती.

"कस्तुराबाई, तू दगुड फोडायलीस का नुसती बोलायलीस?"

"बया! मुकादमानं नेमली का काय तुला माझ्यावर?"

"तसं न्हाय गं. हातोडी खाली टेकव जरा."

कस्तुराबाईनं डोळे वटारत हातोडी मांडीवर ठेवली. आवाज लगेच मागं सरकला. "आता नुसती हलव." हलवली, तर आवाज पुन्हा पुढं आला. इरम्मानं त्या दिवशी गिट्टी फोडलीच नाही. डोळे मिटायची, उघडायची. मिटायची, उघडायची. लांबचा आवाज, मधे काही दिसणारं असलं की, तिथंच येऊन चिकटतो. डोळा त्याला ओढून जवळ आणतो. कान बिचारा खरं सांगत असतो, पण डोळ्यापुढं त्याचं चालत नाही. जवळ काही हललं, धुरळा उडाला, की आवाज तिथलाच ठरतो.

तिन्हीसांजेला तिला आठवलं. लोहाऱ्याला त्या विहिरीच्या पल्याड अजून एक विहीर होती. पाटलाच्या मळ्यात. तिथंही सुरुंग उडत होते.

ती उठून दुर्गप्पाकडं गेली आणि हे सगळं त्याला सांगितलं. दुर्गप्पा भाकरी खात होता. त्यानं ऐकून घेतलं, चावायचा थांबला नाही. शेवटी म्हणाला, "आता दादा परत येतोय व्हय?"

खरंच होतं ते. अकरा वर्षं उशिरा सापडलेल्या अकलेचं करायचं काय? कुणाच्या नावावर ती लावायची? इरम्माला रडूही आलं नाही. ती फक्त फार थकली, आणि तो थकवा पुढं कधी गेला नाही. सकाळी उठायची तीच दमलेली.

पुढं एकदा मोजणारी बाई हिवतापानं पडली, दुसरी कुणी नव्हती, म्हणून दुर्गप्पानं कुरकुरत खडे इरम्माच्या हातात दिले. तेव्हापासून ती मोजत आली, पण स्वतःच्या तऱ्हेनं. विहिरीकडं पाठ करून बसायची. पदर तोंडावरून खाली ओढायचा. डावा तळवा भुईवर दाबून धरायचा, उजव्या मुठीत खडे. मोत्या वाढला तरी तिनं तऱ्हा बदलली नाही, कारण ताकातूनही विहिरीकाठचा ढीग काळा दिसायचा, आणि आवाज चिकटायला तेवढा काळा डाग पुरे होता. टोळीत यावर हसणं चालायचं. आंधळीनं तोंड इकडं केलं काय आणि तिकडं केलं काय! पण एवढ्या वर्षांत तिची मूठ प्रत्येक वेळी रिकामी झाली होती, सगळ्यांच्या मोजणीशी जुळली होती, म्हणून कुणी बोललं नाही. तिची तऱ्हा खरी का खोटी हे ठरायची वेळच आली नव्हती.

ती वेळ अण्णारावांच्या रानात आली.

त्या साली बारुदीवर सरकारचा डोळा होता. निजामाच्या अंमलात लोकांनी मान वर काढायला सुरुवात केली होती, आणि विहिरीच्या नावाखाली बारूद भलत्याच माणसांच्या हाती जाते असा वरच्यांना संशय. अण्णारावांचा परवाना त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंतचा होता. मग जमादार येऊन उरलेली बारूद मोहोर लावून घेऊन जाणार होता. पुन्हा परवाना मिळवायचा म्हणजे उमरग्याला खेपा, उर्दूत अर्ज, आणि अर्ज लिहिणाऱ्यापासून उचलून ठेवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला सलाम. विहीर सहा पुरुष खाली गेली होती. दगडाला ओल सुटली होती. दुपारचे सुरुंग उडवायचे, दगड उपसायचा, आणि दिवस मावळायच्या आत अजून एकदा भरून उडवायचे, म्हणजे पाणी लागलंच, असा अण्णारावांचा हिशेब. ते स्वतः बाभळीखाली बाज टाकून बसले होते.

दुपारी पाच भोकं भरली. हणमंता उतरला. इरम्मा पाठ करून बसली.

"पेटलं!" खालून आरोळी आली. दोर ओढला, हणमंता वर आला, पळाला, बाजेमागं येऊन पडला.

पहिला उडाला. भुईचा हादरा तळव्याला लागला. खडा पडला. दुसरा उडाला. खडा पडला. मग तिसरा आवाज आला. तसाच भरीव, तसाच गोल, विहिरीच्या पोटातून आलेला. समोर धुरळा उसळतच होता. सगळ्यांची मान हलली, तीन. इरम्माचा खडा पडला नाही. भुई गप्प होती, आणि तो आवाज तिच्या पाठीपासून फार लांब होता. मग दोन लागोपाठ उडाले आणि तिनं दोन खडे टाकले.

"झाले!" अण्णाराव बाजेवरून उठले. "चला, उतरा."

"उघडा वैनी मूठ," दुर्गप्पा म्हणाला.

"एक हाय."

"काय एक हाय?"

"खडा. एक बार ऱ्हायलाय खाली."

दोर ओढणारा एक जण हसला. "अव्वाचे कान बी गेले वाटतं. डोळे गेलेत ना, त्यांच्या सोबतीला!"

हणमंता अंगावरची माती झटकत आला. "अव्वा, पाच झाले. म्या सोता मोजले."

"मोजताना कुठं बघत व्हतास?"

"हिरीकडं. मग काय आभाळात बघू?"

"तितंच चुकलं तुझं."

"ए दुर्ग्या," अण्णाराव ओरडले, "काय लावलंय या म्हातारीनं? पाच उडाले. म्या या डोळ्यांनी बघितले."

"बार डोळ्यांनी मोजत न्हाईत, मालक," इरम्मा म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायला अंगात काही नव्हतंच. "तिसरा तुमच्या हिरीतला नव्हता. मल्लिकार्जुन मालकाच्या रानातला व्हता."

"तिकडचा बार तिकडं वाजंल. हितं कशाला येतोय?"

"तुमी जितं बघायलाव तितं येतो. धुरळा तुमच्या म्होरं उडायलाय, मागचा आवाज त्यालाच चिकटतो."

"वा! आता वडारीण मला शिकवणार, माझ्या विहिरीतला आवाज कुठला अन् त्या हरामखोराच्या विहिरीतला कुठला!"

दोर ओढणारा दुसरा गडी हळूच म्हणाला, "मालक, पळत जाऊन त्यांनाच इचारतो की, किती उडवले म्हणून."

"माझ्या रानातला माणूस त्याच्या बांधावर गेला तर परत हिकडं तोंड दाखवायचं न्हाय. सांगून ठेवतो."

"इचारून बी काय व्हणार?" इरम्मा म्हणाली. "ते बी त्यांच्या हिरीकडंच तोंड करून बसले असतील. आपला एखादा त्यांनी त्यांच्यात धरला असंल."

हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुर्गप्पा तिच्याकडं बघत राहिला. तिच्या पाठीमागं, विहिरीकडं पाठ करून, तो उभा होता. बाकीचे सगळे अण्णारावांकडं आणि त्यांच्यामागच्या विहिरीकडं तोंड करून.

तेवढ्यात अजून एक बार वाजला.

सगळे दचकले. समोर विहिरीच्या तोंडावर धूर रेंगाळत होता, ढिगावरून दोन दगड घरंगळले. दोर ओढणारे एकदम हसायला लागले, जिवावरचं टळल्यासारखे.

"घे!" अण्णारावांनी मांडीवर थाप मारली. "उडाला तुझा मुका बार. आता तरी खडा टाक. तुझ्या मोजणीनं बी पाच झाले, म्हातारे."

इरम्माची मूठ तशीच होती. खरं तर हा खडा टाकणं किती सोपं होतं. सगळ्यांचं म्हणणं एक, मालक खूश, तिचाही शब्द खरा ठरलेला. कुणी तिला दोष दिला नसता.

"ह्यो बी तिकडलाच," ती म्हणाली.

"आता हद्द झाली!"

हणमंताचा चेहरा लाल झाला. मालकासमोर, टोळीसमोर आपली आंधळी आई हट्टाला पेटलेली बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पहार उचलली. "दोर धरा रे. म्या उतरतो."

"थांब," दुर्गप्पा म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता. तो अजून तसाच पाठ करून उभा होता. "ह्यो आवाज... म्या हिकडं तोंड करून व्हतो. ह्यो लांबचा वाटला मला."

"काका, तुमाला बी लागण झाली का?" हणमंता म्हणाला. "हितं उभ्या सात जणांनी ऐकलं. सात जण येडे, अन् अव्वा शानी?"

"मुकादम तू हाईस का म्या?"

"मुकादम कुणी का असंना, मालक म्या हाय," अण्णाराव म्हणाले. "गड्यात दम हाय. जाऊ दे त्याला."

हणमंता निघाला. इरम्माला तो दिसला नाही, पण मुलाची चाल तिला ऐकू आली. ती उठली, आणि उठताना तोल गेला म्हणून पुन्हा बसली. धावून त्याला धरणं तिच्या हातात नव्हतं. बोलणं तेवढं होतं.

"हणमंता, तुझा बा दरडीनं मेला न्हाय."

पावलं थांबली नाहीत.

"बारानं मेला. अन् मोजायला म्या व्हते."

आता थांबली.

दुर्गप्पा म्हणाला, "वैनी, असू द्या."

"बोलू द्या भावजी. अठरा साल तुमी झाकलंत, लई केलंत. हणमंता, अशाच दोन हिरी व्हत्या, एका रेघंत. तवा मला डोळे व्हते. डोळे फाडफाडून बघत व्हते. तीन आपले उडाले, चौथा लांबचा वाजला, अन् म्या त्यो आपलाच धरला. तुझ्या बापाला मूठ उघडून दाखवली. या हातानं. त्यो माझ्या हाताकडं बघून उतरला."

हणमंता पहार घेऊन तसाच उभा होता. आईचं म्हणणं त्याला पटलं होतं असं नाही. लांबचा आवाज, जवळचा आवाज यातलं त्याच्या डोक्यात त्या घटकेला काहीच शिरत नव्हतं. पण ज्या पायांनी तो विहिरीकडं निघाला होता ते पाय आता त्याचे राहिले नव्हते. त्यानं पहार खाली टाकली, आणि कुणाकडंही न बघता रेड्यांच्या गाडीमागं जाऊन बसला.

"बरा झाला तमाशा," अण्णाराव म्हणाले. "दुसरा कोण उतरतोय?"

दुर्गप्पानं टोळीकडं तोंड केलं. "कुणी उतरणार न्हाय. पाणी वतायचं हिरीत, बारूद भिजू दे. सकाळी बघू."

"परवाना मावळतीपर्यंत हाय माझा!"

"परवाना तुमचा हाय मालक. माणसं माझी हायत."

अठरा वर्षांत दुर्गप्पा एवढं ताठ बोलला नव्हता. बोलून झाल्यावर तो स्वतःच घाबरल्यासारखा झाला, पण माघार घेतली नाही. बायकांनी ओढ्यातल्या डबक्यातून घागरी भरभरून आणल्या आणि विहिरीत ओतल्या. तेवढ्यातच दुर्गप्पा गुपचूप बांध ओलांडून पलीकडच्या टोळीला सांगून आला, की बाबांनो, तुमच्यात आमचा एखादा मोजला गेला असेल, थांबा जरा. त्यांनी त्याला वेड्यात काढलं. तुझा मालक आम्हाला खोळंबून ठेवायला तुला धाडतोय म्हणाले. पण थांबले. वडारच ते, त्यांच्यातही कुणी ना कुणी असं गेलेलं होतं.

मावळतीला जमादार आला, बारुदीचा डबा मोजून घेऊन गेला. अण्णाराव वाड्यावर निघून गेले.

सकाळी हणमंताच उतरला. दुर्गप्पा नको म्हणाला, तरी उतरला. पहार नेली नाही. गुडघ्यावर बसून हातानं एकेक दगड बाजूला केला. पूर्वेच्या कडेला पाचवं भोक सापडलं. वात अर्ध्यावर जळून विझली होती. खाली ठासलेली बारूद भिजून काळा चिखल झालेली, जशीच्या तशी. काल तो जिथं पहार मारायला उतरत होता, बरोबर तिथं.

वर आला तेव्हा त्याची बोटं काळी होती. त्यानं ती कुणाला दाखवली नाहीत. पण दोर ओढणाऱ्यांनी बघितली, आणि काल हसलेला गडी इरम्माच्या पायाशी येऊन बसला. "ऊठ बाबा," म्हणाली, "दोर गुंडाळ."

दोर गुंडाळायचाच होता, कारण अण्णारावांचा निरोप आला होता. परवाना बुडाला, वर मुकादम बांध ओलांडून वैऱ्याच्या रानात गेला हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. दुसरी टोळी बघतो म्हणाले. पाचव्या भोकाचं दुर्गप्पानं निरोप आणणाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "उडाला नाही ना? मग कशाचं एवढं!"

पालं उतरली, गाडी भरली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. लोहाऱ्याकडं एक काम आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. इरम्मानं नाही म्हटलं नाही. जागेची तिला आता भीती उरली नव्हती, की भीती वाटून घ्यायचं बळ उरलं नव्हतं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ऊन वर चढलं. हणमंता रेड्यांची दोरी धरून पुढं चालत होता. कालपासून आईशी एक शब्द बोलला नव्हता. ती गाडीच्या मागच्या दांडीला हात लावून चालत राहिली. आपण त्याला वाचवलं, असं काही तिच्या मनात नव्हतं. त्याला त्याचा बाप पुन्हा एकदा मारून दाखवला, एवढंच होतं.

टेकाड लागलं तसा हणमंता मागं आला. तिच्या बरोबरीनं चालू लागला.

"बा उतरायच्या आदी काय बोलला?"

इरम्मानं आठवून बघितलं. तिनं हे पूर्वीही कितीदा करून बघितलं होतं.

"काईतरी बोलला व्हता रे," ती म्हणाली. "दोर धरता धरता माझ्याकडं बघून बोलला. हसला बी. पर ठावं न्हाय. इतके साल त्यो एक बारच ऐकत बसले. त्याचं बोलणं त्या आवाजाखाली गेलं."

हणमंतानं मान हलवली. ते तिला दिसलं नाही. मग त्यानं पुढं जाऊन गाडी थांबवली. पहारी एका कडेला सारल्या, दोराची वेटोळी उचलून वर टाकली, आणि तेवढी जागा करून परत आला.

"बस वर."

"चालते की. रेडे दमलेत."

"बस म्हणलं ना. टेकाड लागलंय, अन् पायाखालचं दिसत न्हाय तुला."

त्यानं तिला काखेत धरून वर बसवलं. ती हलकी होती, त्याला वाटली होती त्याहून फारच हलकी. रेड्यांनी माना खाली घातल्या आणि गाडी चढाला लागली.